घट्ट पांढरं दिसलं की आपली जीभ श्रीखंड मागते

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न असा: "वय 41, शाकाहारी आहे. प्रथिनं कमी पडतात म्हणून रोज 200 ग्रॅम साधं, बिनसाखरेचं ग्रीक योगर्ट खायला सांगितलंय. शून्य टक्के फॅटचा किलोचा डबा आणला. खडू कालवून खाल्ल्यासारखं लागतं, वर आंबट. मध घातला तर तीन-चार चमचे लागतात, मग बिनसाखरेचं आणून उपयोग काय? फ्लॉवरच्या रश्शात घातलं तर फुटलं. टाकून द्यायचं जिवावर येतं. हे आवडीने खाता येईल असं काही करता येतं का?"

येतं, आणि त्यासाठी फारसं काही विकत आणावंही लागत नाही. मी 24 वर्षं दुग्धशाळेत दही, चक्का आणि श्रीखंडाच्या विभागात काम केलं. सकाळी सातला, चहा घेण्याआधी, आदल्या दिवशीच्या दह्याचे नमुने चाखणं हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे तुमचं 'खडू' मला नीट कळतंय. आमच्या नोंदवहीत त्या दोषाला रकानाच होता.

आधी एक गोष्ट मान्य करू. ग्रीक योगर्ट म्हणजे पाणी गाळलेलं दही. ग्रीक भाषेत त्याला 'स्त्रांगिस्तो' म्हणतात, म्हणजे गाळलेलं. तुर्की लोक 'स्युझमे' म्हणतात, लेबनॉनमध्ये त्याच्याही पुढे जाऊन 'लबने' करतात आणि आपण त्याला चक्का म्हणतो. आपला चक्का जरा जास्त कोरडा. आपल्याकडच्या अन्नमानकांत चक्क्याला किमान 30 टक्के घनभाग सांगितलाय, ग्रीक योगर्टमध्ये 80 ते 85 टक्के पाणीच असतं. पण जात एकच.

आणि गोम इथेच आहे. मराठी माणसाने वाटीत घट्ट, पांढरं, चमच्याला धरून राहणारं काही पाहिलं की त्याच्या जिभेला पाडव्याचं ताट आठवतं. ती श्रीखंडाची वाट बघत बसते आणि तिच्या पुढ्यात येतो नुसता चक्का. घरी श्रीखंड करताना पातेल्याच्या कडेचा चक्का बोटावर घेऊन चाखला असेल तर आठवून बघा, तोही तुम्हाला असाच लागला असणार. तो वाईट नव्हता, अर्धवट होता. श्रीखंडात किलोभर चक्क्याला 800 ग्रॅम ते किलोभर साखर पडते. त्या हिशेबाने तुमच्या 200 ग्रॅमला 160 ते 200 ग्रॅम साखर हवी. तुम्ही चार चमचे मध घालता, म्हणजे साधारण 25 ग्रॅम साखर. ती तब्येतीला जास्त आणि जिभेला कमी. गोडाच्या वाटेने या आंबटाशी झगडलात तर तुम्ही हरणार, कारण जिंकायला लागणारी साखर तुम्हाला खायचीच नाहीये.

म्हणून माझं पहिलं सांगणं: निदान महिनाभर याला गोड पदार्थ समजू नका. हे जेवणातलं डावं अंग आहे. कोशिंबीर, रायतं, भरीत, मेतकूट-दही हे सगळं आपल्याकडे आहेच, फक्त दही पातळ असल्यामुळे आपण ते वाटीत दोन चमचे वाढतो. इथे तोच पदार्थ पोटभरीचा होतो.

पण त्याआधी खडूचा बंदोबस्त करू, कारण तो गेला नाही तर वरून काहीही घाला, तोंडात चिकटणारच.

दह्यातल्या प्रथिनांची जाळी असते आणि त्या जाळीत स्निग्धाचे बारीक गोळे अडकलेले असतात. खाताना जीभ आणि टाळू यांच्यामध्ये ते गोळे तेलासारखं काम करतात. फॅट पूर्ण काढून टाकली आणि वर पाणीही गाळलं की उरतात दाटीवाटीने बसलेले प्रथिनांचे कण. ते टाळूला घासतात. तुम्हाला लागतो तो खडू हाच. यावर औषध एकच, स्निग्ध परत द्यायचं, पण थोडं. 200 ग्रॅमच्या वाटीला एक चहाचा चमचा ताजी साय किंवा तुमच्याकडे मिळणारं डबल क्रीम. ते नको असेल तर चमचाभर तेल: शेंगदाण्याचं, तिळाचं, नाहीतर ऑलिव्हचं. चहाच्या चमचाभर तेलातून 40च्या आसपास उष्मांक जातात. चार चमचे मधातून याच्या दुप्पट जात होते, हे लक्षात घ्या. पुढच्या वेळी डबा आणताना सरळ 5 टक्के फॅटवालाच आणा. त्यात 100 ग्रॅमला प्रथिनं 9 ग्रॅम आणि शून्यवाल्यात 10, एवढाच फरक. उष्मांक मात्र साधारण 55 ऐवजी 95. रोजच्या 200 ग्रॅममागे हे 80 उष्मांक वाढतात. तो डबा आनंदाने संपणार असेल तर मी ते खुशाल मोजेन. आवडत नाही म्हणून आठ दिवस फ्रीजमध्ये पडून राहणाऱ्या डब्यातली प्रथिनं कोणाच्याच अंगी लागत नाहीत.

नंतर फेटायचं. हे काम लोक टाळतात आणि निम्मा फरक तिथेच पडतो. वाटीत घेतलेलं योगर्ट काट्याने किंवा छोट्या रवीने पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून, फेटा. फेटताना दोन-तीन चहाचे चमचे दूध एकेक करून घाला. पाणी घालू नका, पाण्याने नुसतं पातळ होतं, दुधाने मऊ होतं. सुरुवातीला ते रवाळ दिसेल, मग एका क्षणी चकाकी येईल. ती चकाकी आली की थांबायचं. श्रीखंडाचा चक्का आपण पुरणयंत्रातून किंवा वस्त्रावर घासून का काढतो? हेच कण मोडायला. ग्रीक योगर्टचा डबा विकत आणला म्हणून त्याला हा संस्कार चुकत नाही.

तिसरी गोष्ट थंडपणाची. फ्रीजमधून काढल्या काढल्या खाऊ नका. थंडीने जिभेला गोडी कमी कळते, वास तर जवळजवळ कळतच नाही, आंबटपणा मात्र तसाच बोचत राहतो. खायच्या आधी पंधरा मिनिटं वाटी ओट्यावर ठेवा. दुधाची मूळची गोडी, जी तुम्हाला आजवर लागलीच नसेल, ती तेव्हा बाहेर येते. आमच्याकडे नमुने चाखताना थंडगार दही कधीच चाखत नसत, त्याचं कारण हेच.

आता आंबटपणा. पुष्कळांना वाटतं की वर सुटलेलं पाणी ओतून दिलं की आंबट कमी होईल. होत नाही. आम्ल त्या पाण्यात जितकं असतं तितकंच आतल्या पाण्यातही असतं. ओतून दिलंत तर घट्टपणा वाढतो, आंबटपणा तिथेच राहतो. त्यामुळे ते ढवळून आत मिसळा. खायचा सोडा चिमूटभर टाकण्याचा उपायही काहीजण सांगतात. तो करू नका, साबणासारखी चव येते आणि दही बिघडतं. खरे उपाय दोन. एक, ताजं घ्या. डब्यातले जिवाणू फ्रीजमध्येही हळूहळू आम्ल करतच राहतात, त्यामुळे मुदत संपत आलेला सवलतीतला डबा नेहमी जास्त आंबट निघतो. दुकानात मागच्या रांगेतला, लांबची तारीख असलेला डबा काढा. दोन, चिमूटभर मीठ. गोड करणार असलात तरीही. मीठ एवढं कमी की ते जाणवता कामा नये. आंबटाची धार त्याने खाली येते. आमच्या घरी श्रीखंडात मिठाचा कण पडतो तो याचसाठी, माझी आई त्याला 'चव जागेवर बसते' म्हणायची.

आता आवडीच्या भागाकडे येते, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

माझ्या वडिलांचं शेवटच्या वर्षी पोटाचं ऑपरेशन झालं. भूक गेली होती, तोंडाला चव नव्हती, दूध बघितलं की मान फिरवायचे. डॉक्टर प्रथिनांचं सांगत होते आणि बाजारातल्या गोड भुकटीचा पेला तसाच राहत होता. मी दुग्धशाळेत काम करणारी मुलगी, घरी रोज चक्का आणायची, पण तोही ते दोन चमच्यांवर घेत नसत. एका दुपारी आईने काही न बोलता तो चक्का दुधाने सैल केला, त्यात दोन चमचे मेतकूट, मीठ आणि वर हिंग-मोहरीची फोडणी घातली आणि मऊ भाताशेजारी वाढला. त्यांनी वाटी पुसून खाल्ली. मग रोज तेच मागायचे, फोडणीत मिरची घाल म्हणायचे. तोवर मी 'ग्राहकाला चव कशी हवी' यावर किती बैठकांना बसले होते, आणि माझ्याच घरातल्या माणसाला चव कशी हवी हे मला त्या दुपारी कळलं.

तेव्हा मेतकुटापासून सुरू करा. इंग्लंडमध्येसुद्धा मराठी घरात मेतकुटाची एखादी पुडी सापडतेच. 200 ग्रॅम फेटलेल्या योगर्टला दोन सपाट चहाचे चमचे मेतकूट, मीठ चवीपुरतं, आणि पाच मिनिटं थांबायचं. मेतकुटातलं भाजलेल्या डाळी-तांदळाचं पीठ दह्यातलं पाणी ओढून घेतं आणि त्या पाण्याबरोबर आंबटपणाही सौम्य लागायला लागतो. सुंठ, मेथी, हिंग यांचा वास दह्याच्या आंबूस वासाला झाकतो. थांबला नाहीत तर पीठ कच्चट लागेल आणि तुम्ही मला दोष द्याल. घट्ट झालं तर आणखी चमचाभर दूध.

दुसरं, दाण्याचं कूट. याचं महत्त्व आपल्याला कळत नाही, कारण ते आपल्या डब्यात कायम असतं. भाजलेल्या दाण्याच्या कुटात स्निग्ध आहे, गोडसरपणा आहे आणि खमंग वास आहे. म्हणजे शून्य टक्केवाल्या योगर्टमधून जे जे काढून घेतलंय ते सगळं एका चमच्यात परत येतं. एक मोठा चमचा कूट, मीठ, जिरेपूड, बारीक चिरलेली मिरची, कोथिंबीर. बस. जे उपासाला खातात त्यांनी सैंधव घालून साबुदाण्याच्या खिचडीबरोबर घ्यावं. सोलापुरी शेंगदाणा चटणी असेल तर काम आणखी सोपं, कारण तिखट, लसूण आणि तेल तिच्यात आधीच आलेलं असतं. फेटलेलं योगर्ट ताटलीत पसरायचं, चमच्याच्या पाठीने मध्ये आळं करायचं, त्यात चटणी आणि चमचाभर कच्चं तेल, आणि भाकरीच्या तुकड्याने उचलायचं. कारळ्याची, जवसाची, लसणाची, कुठलीही कोरडी चटणी चालते. ढवळून एकजीव करू नका. एका घासाला तिखट जास्त, एकाला दही जास्त, असं लागलं तर 200 ग्रॅम कंटाळा न येता जातं. एकजीव केलेल्याचा पाचव्या चमच्याला वीट येतो.

फोडणीबद्दल एक सूचना. थंड योगर्टवर तुपाची फोडणी ओतली की तूप थिजतं आणि तोंडात मेणाचे कण येतात. वाटी ओट्यावर ठेवून थंडपणा गेलेला असू द्या, नाहीतर फोडणी तेलाचीच करा. मोहरी पूर्ण तडतडू द्या, मग जिरं, हिंग, कढीपत्ता, आणि असेल तर एक सांडगी मिरची. सांडगी मिरची तळून, चुरून, वरून घातलेलं घट्ट दही ज्याने खाल्लं नाही त्याने दही आवडत नाही असं म्हणायची घाई करू नये. तिचा कुरकुरीतपणा आणि खारटपणा दोन्ही याच पदार्थाला हवे असतात.

भाज्यांमध्ये काकडी सगळ्यात सोपी, पण एक काम करावं लागतं. कोचवलेल्या काकडीला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळून घ्या. आपल्या कोशिंबिरीत पाणी सुटलं तर चालतं, इथे मेहनतीने गाळलेलं दही पुन्हा पातळ होतं. ग्रीक लोक त्झात्झिकी करताना हेच करतात: पिळलेली काकडी, किसलेली लसूण, ऑलिव्ह तेल, थोडं व्हिनेगर, शेपू किंवा पुदिना. आपल्याला शेपू भाजीत आवडत नसली तरी दह्यात चार काड्या बारीक चिरून घालून बघा, वेगळीच लागते. लसूण मात्र बेताची घाला, कारण कच्ची लसूण रात्रभर दह्यात राहिली की सकाळी डोक्यावर बसते. उकडून किसलेलं बीट, लाल भोपळ्याचं भरीत, भाजलेल्या वांग्याचं भरीत, हे सगळं इथे उत्तम जमतं. वांगं आणि भोपळा भाजून पाणी आटवलेला असला की तो दह्याला पातळ करत नाही, उलट मऊ करतो. केळ्याची कोशिंबीर हा तर गोड आणि तिखट यांच्या मधला पूल आहे: पिकलेलं केळं, फेसलेली मोहरी, मीठ, मिरची, कोथिंबीर. केळ्याची गोडी पुरते, साखर लागत नाही, मोहरीचा झणका नाकात गेला की आंबटाकडे लक्ष जात नाही.

एक पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखी गोष्टही सांगते, लबनेची. अर्धा किलो योगर्टमध्ये सपाट अर्धा चमचा मीठ मिसळा, पातळ स्वच्छ कापडात बांधून गाळणीवर, खाली भांडं ठेवून, फ्रीजमध्ये 24 तास ठेवा. एवढं घट्ट होतं की गोळ्या वळता येतात. लेबनॉनमध्ये त्या ऑलिव्ह तेलात बुडवून ठेवतात. आपण त्या मेतकुटात किंवा भाजलेल्या तिळात घोळवाव्यात. तेलात ठेवणार असलात तर कच्ची लसूण त्या तेलात टाकू नका, ते सुरक्षित नाही. आणि बरणी फ्रीजमध्येच ठेवा.

गोडाकडे मी पाठ फिरवायला सांगत नाहीये. ग्रीसमध्येही मध आणि अक्रोड घालूनच खाण्याची रीत आहे. पण त्यांचं बघून घ्या: मध वरून सोडतात, ढवळत नाहीत. मध ढवळला की तो सगळ्या वाटीत विरून जातो आणि प्रत्येक चमचा अर्धवट गोड लागतो. वरून धार सोडली की काही घास भरपूर गोड, काही कोरे, आणि जीभ गोड घासांचीच आठवण ठेवते. एका चमच्यात भागतं. मधाऐवजी काकवी मिळाली तर मला ती जास्त आवडते, तिच्यात उसाचा थोडा करपट वास असतो तो दह्याला फार शोभतो. मोरांबा, गुळांबा एखादा चमचा. जायफळ आणि वेलची मात्र सढळ हाताने, कारण त्या वासाने आपल्याला श्रीखंड आठवतं आणि साखर नसतानाही जिभेला गोडाचा भास होतो. जिभेची जुनी सवय इथे आपल्या कामाला येते.

आदल्या रात्री सहा-सात बेदाणे आणि दोन चिरलेले खजूर योगर्टमध्ये टाकून फ्रीजमध्ये ठेवलेत तर ते दह्यातलं पाणी पिऊन टरारतात आणि स्वतःची गोडी सोडतात. सकाळी वरून राजगिऱ्याच्या लाह्या किंवा चुरलेली चिक्की घाला, पण ताटात घेतल्यावर. आधी घातलीत तर त्यांचा चिखल होतो. दातांखाली काहीतरी कुरकुरीत येणं या पदार्थाला फार गरजेचं आहे, नुसत्या मऊपणाचा घास आपल्याला आजारपणातला वाटतो.

फळांत एक सावधानता. कच्ची किवी, ताजं अननस, पपई आणि ताजं अंजीर यांत प्रथिनं तोडणारे पाचक घटक असतात. ते दह्यात मिसळून ठेवले की तासाभरात दही पातळ आणि कडवट व्हायला लागतं. एका ताईंनी अख्खा डबा खराब आहे म्हणून परत केला होता, प्रत्यक्षात त्यांनी रात्री त्यात किवी कापून ठेवली होती. ही फळं घालायचीच तर खाताना वरून घाला आणि लगेच खा. डब्यातलं शिजवलेलं अननस चालतं, शिजवल्यावर तो गुण मरतो. आंबा, केळं, डाळिंब, सफरचंद यांचा काही त्रास नाही.

तुमच्या फ्लॉवरच्या रश्शाचं आता सांगते. शून्य टक्के फॅट, जास्त आम्ल आणि उकळता रस्सा, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर ते फुटणारच होतं. कढी करताना आपण ताकात बेसन का लावतो ते आठवा. 200 ग्रॅमला एक सपाट चमचा बेसन लावून फेटा, रश्श्याचे दोन-तीन डाव त्यात घालून ते कोमट करून घ्या, आणि मग गॅस बारीक करून ओता. उकळी फुटू देऊ नका. पण खरं सांगू का, हे योगर्ट शिजवण्यात मला फारसा अर्थ दिसत नाही. शेगडीवरून उतरवलेल्या भाजीवर, गरम थालीपिठावर, मुगाच्या खिचडीवर एक मोठा गोळा ठेवा. गरम आणि गार एकत्र खाण्यातली मजा त्याला शिजवल्यावर उरत नाही.

तुमच्या देशातल्या दुकानांबद्दल एक महत्त्वाचं, कारण यात फसगत होते. इंग्लंडमध्ये 'ग्रीक योगर्ट' आणि 'ग्रीक स्टाइल योगर्ट' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फाये या ग्रीक कंपनीने चोबानी या अमेरिकी कंपनीविरुद्ध तिथे खटला भरला होता. 2013 मध्ये हायकोर्टाने आणि 2014 मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला की ग्रीसमध्ये न बनलेल्या मालाला तिथे 'ग्रीक योगर्ट' म्हणून विकता येणार नाही. त्यामुळे 'स्टाइल' लिहिलेलं खराब असतं असं अजिबात नाही, पण ते पुष्कळदा गाळलेलं नसतं, साय घालून दाट केलेलं असतं. पाठीमागचा तक्ता वाचा: तिथे 100 ग्रॅमला प्रथिनं 5च्या आसपास आणि फॅट 9-10 असेल तर ते सायीचं दही आहे. खायला फार छान, पण प्रथिनांसाठी नव्हे. आता गंमत अशी की तुमच्या घरचा हा शून्य टक्क्याचा डबा संपवायला तेच सर्वांत सोपं औषध आहे. दोन्ही अर्धं-अर्धं मिसळून फेटा. फॅट 5च्या जवळ येते, प्रथिनं 7 ते 8 राहतात आणि खडू नाहीसा होतो.

घटकांच्या यादीत दूध आणि विरजणाचे जिवाणू एवढंच हवं. दुधाची भुकटी, दुधाच्या प्रथिनांची भुकटी, स्टार्च असं काही दिसलं तर ते गाळून नव्हे, भर घालून घट्ट केलेलं आहे, आणि भुकटीवालं टाळूला हमखास जास्त चिकटतं. तुम्ही शाकाहारी आहात, तर जिलेटिनही बघत जा. काही दह्यांत ते असतं आणि तिकडे आपल्यासारखा हिरवा ठिपका नसतो.

पुढे कधी वेळ मिळाला तर घरी करा, कारण आंबटपणाची सूत्रं आपल्या हातात फक्त घरच्याच दह्यात येतात. पूर्ण फॅटचं दूध उकळून चांगलं कोमट होऊ द्यायचं, बोट दहा सेकंद सुखाने ठेवता आलं की विरजण लावायचं. तुमच्याकडच्या थंडीत भांडं दिवा लावलेल्या बंद ओव्हनमध्ये ठेवा. पाच-सहा तासांनी बघा. घट्ट लागलं की लगेच फ्रीजमध्ये, 'राहू दे रात्रभर' म्हणायचं नाही. ते वाढीव तास म्हणजेच आंबटपणा. अधमुरं दहीही टांगू नका, त्याचं पाणी नीट सुटत नाही आणि कापडातून दहीच खाली येतं. पंच्यात बांधून टांगायचं तेही फ्रीजमध्येच, चार-पाच तास. आपल्याकडे खुंटीला टांगतात, पण बाहेर टांगलेलं दही गळता गळता आंबत जातं. श्रीखंडात ते खपून जातं, साखर सगळं पोटात घालते. नुसतं खायचं असेल तर खपत नाही. लिटरभर दुधाचं साधारण 400 ते 500 ग्रॅम होईल. खाली जमलेलं पाणी थालीपिठाच्या किंवा पोळीच्या पिठात घाला, कणीक मऊ येते.

आणि सध्याच्या डब्याचं म्हणाल तर तो आज रात्रीच फ्रीजमधून काढा. 200 ग्रॅम योगर्ट वाटीत, एक चमचा क्रीम, दोन चमचे दूध, मिनिटभर फेटणं, दोन चमचे मेतकूट, मीठ. पाच मिनिटांत मऊ भात शिजत नाही, पण भाताला कुकर लावलेला असताना हे करून ठेवलंत तर भात होईपर्यंत त्याचा गारठाही गेलेला असेल आणि मेतकूटही मुरलेलं असेल. फोडणी भात वाढल्यावर घाला. डब्यात उष्टा किंवा ओला चमचा घालू नका, झाकण घट्ट लावा. उघडलेला डबा चार-पाच दिवसांत संपवा. 200 ग्रॅमच्या हिशेबाने तो पाच दिवसांचाच आहे.